कर्ता कोण, ते आधी सांगा

गभणे मॅडम माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या, तेव्हा त्यांनी नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. नेमणुकीचा कागद हातात घेऊन मी शिक्षकखोलीच्या दारात उभी होते. त्यांनी चष्म्यावरून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘तुले कोनं पाठवलं?’’

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

‘‘संस्थेनं पाठवलं, मॅडम. विज्ञान आणि गणित शिकवायला.’’

‘‘संस्थेले तोंड रायते का? संस्थेतल्या कोनं?’’

मी सचिवांचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलली. मला वाटलं, माझ्यासाठी जागा करताहेत. पण पिशवी त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली, तिचा बंद मनगटाला गुंडाळला, आणि मग मला म्हणाल्या, ‘‘बस.’’

आमची शाळा पवनीपासून एसटीनं पाऊण तासावर. वैनगंगेवर धरण झालं, गावं उठली, त्यातलंच एक गाव या माळावर आणून वसवलेलं. रस्ते सरळ, प्लॉट सारखे, आणि इतकी वर्षं झाली तरी म्हातारी माणसं ‘घरी जातो’ न म्हणता ‘प्लॉटावर जातो’ म्हणायची. या गावात कागद घेऊन कोणी आलं की बोलणी थांबायची. त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्या मोठ्या वाईट बातम्या कागदावरूनच आल्या होत्या. म्हणून लोक कागदावर संशय घ्यायचे, कागद वाचणाऱ्यावर घ्यायचे, आणि इंग्रजी कागद वाचणाऱ्यावर तर फारच.

गभणे मॅडम इंग्रजी शिकवायच्या. आणि त्या उलट गावावर संशय घ्यायच्या. तेव्हा फिट्टंफाट होती.

उंच, सडसडीत बाई. खळ दिलेली सुती साडी, खांद्यावर पिन, केसांचा घट्ट अंबाडा. पवनीत एकट्या राहायच्या, रोज पहिल्या बसनं यायच्या. खडूच्या पेटीवर आतून पेननं रेघ मारून ठेवायच्या, म्हणजे कोणी खडू घेतला तर कळावं. कपाटाला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायच्या, चार पावलं गेल्यावर परत येऊन चौथ्यांदा. परीक्षेचे पेपर दोऱ्यानं बांधायच्या, आणि त्या दोऱ्याची गाठ अशी असायची की ती फक्त त्यांनाच सुटायची. एसटीत कंडक्टरनं तिकीट दिलं की त्यावरची तारीख वाचून मगच पर्समध्ये ठेवायच्या. एकदा एका कंडक्टरनं विचारलं, ‘‘बाई, कालचं तिकीट देऊन मले काय भेटंन?’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘तेच तर मी विचार करून राहिली.’’

पण सगळ्यांना खरी भीती होती ती त्यांच्या लाल वहीची. तळहाताएवढी वही. कोणीतरी काही बोलायचं, मॅडम एकदम थांबायच्या, वही काढायच्या, दोन ओळी लिहायच्या, वही परत आत. कोणाला दाखवायच्या नाहीत. मुख्याध्यापकांची खात्री होती की वहीतला मजकूर वरच्या ऑफिसात जातो. शिपाई दामूभाऊ म्हणायचा, त्यात त्याच्या उशिरा येण्याच्या वेळा आहेत. मला वाटायचं, माझं नाव असणार. का असावं, ते मला सांगता आलं नसतं, पण असणार.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, ‘‘लांजेवार, मी पुढच्या महिन्यात राजीनामा देऊन राहिली. कोनाले सांगू नको.’’ त्या मला कायम आडनावानं हाक मारायच्या, मागे बाई नाही की काही नाही. मी कोणाला सांगितलं नाही. उलट मनातून हळहळले. एवढ्या दिवसांत बाईंची सवय झाली होती. तीन आठवड्यांनी त्यांनी माझ्यासमोर डबा उघडला. लाखोळीच्या डाळीचे वडे होते.

‘‘खा,’’ म्हणाल्या. ‘‘राजीनामा खोटा होता. कुठं पोचला नाही. म्हनजे तू पोचवत नाहीस.’’

मला एवढा राग आला की वडा खाली ठेवावा असं वाटलं. पण वडे चांगले होते. तेव्हापासून आमची मैत्री झाली, असं म्हणता येईल. निदान पिशवी त्यांच्या मांडीवरून परत खुर्चीवर गेली.

माझी प्रयोगशाळा आणि त्यांचा वर्ग यांच्यात एकाच विटेची भिंत होती. त्यामुळे त्यांचं व्याकरण मी शिकले ते भिंतीतून.

‘‘द ग्लास वॉज ब्रोकन. ग्लास फुटला. कोनं फोडला?’’

‘‘माहीत नाही, मॅडम,’’ पोरं एका सुरात.

‘‘वाक्याले माहीत आहे, सांगत नाही. पॅसिव्ह व्हॉइसमध्ये कर्ता ‘बाय’च्या मागं जाऊन लपते. आन् जो जास्त हुशार रायते, तो ‘बाय’सकट पळून जाते. मग आपन काय विचारायचं?’’

‘‘कर्ता कोण, ते आधी सांगा!’’

हे शेवटचं वाक्य तर पोरांचं गाणंच झालं होतं. विशेषण आलं की मॅडम विचारायच्या, ‘‘ब्युटिफुल? कोन म्हनते ब्युटिफुल? ज्याले विकायचं आहे तो म्हनते का?’’ ‘दे’ हे सर्वनाम आलं की, ‘‘दे सेड. दे म्हनजे कोन? तोंड दाखवाले सांगा त्याहीले.’’ सिमिली आणि मेटाफर, म्हणजे उपमा आणि रूपक, यांतला फरक त्यांनी असा सांगितला होता, की सिमिलीत लाइक किंवा अ‍ॅज असतं, म्हणजे बोलणारा निदान कबूल करतो की मी तुलना करतोय. मेटाफरवाला ते पण कबूल करत नाही. ‘‘माहा बाप वाघ आहे, म्हनते सरळ. म्हना त्याले, शेपटी दाखव.’’

हायपरबली शिकवताना तर मजाच झाली. अतिशयोक्ती, हे समजावून झाल्यावर सहावीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, पुस्तकात हायपरबोली लिहिलं आहे. हे आपल्या झाडीबोलीसारखी एखादी बोली होय का जी?’’

वर्ग खो खो हसला. भिंतीपलीकडे मीही हसले. मॅडम हसल्या नाहीत. पोरांनी नंतर सांगितलं, त्यांनी लाल वही काढली आणि काहीतरी लिहिलं. त्या मुलीनं घरी जाऊन रडून सांगितलं की माझं नाव लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेच्या फाटकात उभी. मॅडम तिला एवढंच म्हणाल्या, ‘‘तुह्या पोरीनं काही वाईट नाही केलं.’’ पण वही काही दाखवली नाही. ती बाई जास्तच घाबरून गेली.

एक पावसाळा संपता संपता शाळेच्या नोंदवहीत एक ओळ आली: ‘सातवीच्या वर्गाचे छत दुरुस्त करण्यात आले आहे.’ खाली सगळ्या शिक्षकांनी सह्या करायच्या होत्या. आम्ही केल्या. गभणे मॅडमनी वही तशीच मुख्याध्यापकांकडे नेली.

‘‘करण्यात आले. कोनं केलं?’’

‘‘मॅडम, सरकारी भाषा असते ती,’’ सर म्हणाले.

‘‘भाषा नोहय सर, पांघरून होय. कालपर्यंत मी त्याच छताखाली छत्री घेऊन शिकवून राहिली होती. रातीतून कोन येऊन गेला?’’

त्यांनी सही केली नाही. सातवीचा वर्ग बाहेर मोहाच्या झाडाखाली नेला आणि फळा दोन विटांवर उभा केला. गावात लगेच कुजबूज सुरू झाली. मॅडमचं न् हेडमास्तरचं वाजलं आहे, आपल्या लेकरायले उन्हात बसवून वचपा काढून राहिल्या, असं लोक म्हणायला लागले. दोन पालकांनी येऊन सुनावलंही. मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘हे तुमाले कोनं सांगितलं?’’

पुढच्या महिन्यात एका रविवारी सातवीच्या वर्गात खाटेएवढा गिलावा पडला. दोन बाकं मोडली. शाळेत कोणी नव्हतं. सोमवारी आम्ही सगळे दारात उभे राहून वर बघत होतो, आणि ‘मॅडम, तुमचं खरं होतं’ असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. सरांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘‘शनिवारी सगळ्यात शेवटी कोण गेलं होतं?’’

मॅडम गेल्या होत्या. मला ते माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर क्षणभर माझ्याही मनात आलं, की बाईंनी काठीनं टोचलं तर नसेल? मॅडमनी सरांचा प्रश्न ऐकला होता. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. ‘‘पाह्य लांजेवार,’’ त्या म्हणाल्या, ‘‘सर कर्ता शोधून राहिले. शिकले!’’

इथपर्यंतच्या गभणे मॅडम सांगायला सोप्या आहेत. पुढचं तेवढं सोपं नाही.

आठवीत प्राची नावाची मुलगी होती. तिचे वडील सुखदेव धरणाच्या पाण्यात मासे धरायचे. मुलगी अबोल, मधल्या बाकावर बसणारी, पास होणारी, कोणाच्या लक्षात न राहणारी. मार्चमध्ये तालुक्याला इंग्रजी निबंधाची स्पर्धा होती आणि शाळेतून एकच निबंध जायचा होता. विषय, माझं गाव. मॅडमनी आठवीच्या पोरांकडून लिहून घेतलं. सगळ्यांनी तेच लिहिलं, माझं गाव सुंदर आहे, गावात शाळा आहे, गावात एकोपा आहे. प्राचीनं आपल्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की आमचं एक गाव पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचं टोक वर येतं. ते पाण्यात बसून आंघोळ करणाऱ्या माणसाच्या गुडघ्यासारखं दिसतं.

मॅडमनी तो कागद मला दाखवला. बोट त्या शेवटच्या वाक्यावर पुन्हा पुन्हा फिरत होतं. मला वाटलं, आनंदानं.

‘‘हे कोन्या पुस्तकातलं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘मला काय माहीत?’’ मी म्हटलं.

हे मी खोटं बोलले असं नाही, पण पूर्ण खरंही बोलले नाही. चार दिवसांपूर्वी विज्ञानाच्या तासाला मी भिंतीवर सांगाड्याचा तक्ता लावला होता. तास सुटल्यावर प्राची मागे थांबली आणि तक्त्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘‘मॅडम, गुडघ्याले इंग्रजीत काय म्हनते?’’ मी तिच्या वहीच्या कडेला ‘नी’ लिहून दिलं, पहिलं के अक्षर उच्चारायचं नसतं हेही सांगितलं. मग विसरून गेले. मॅडमचं बोट त्या वाक्यावर पाहिलं तेव्हा मला ते आठवलं. पण मला वाटलं, एका शब्दानं काय सिद्ध होतं? आणि मनात हेही आलं, की त्या शब्दाबद्दल मी आपणहून बोलले तर मॅडमना वाटेल मीच लिहून दिलं. लाल वही मी विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला.

‘‘हे वाक्य कोनाचं?’’

‘‘माहं, मॅडम.’’

‘‘तुह्या जन्माच्या आधी गाव उठलं. तू कुठून पायलं?’’

उत्तराची वाट न बघता पुढचा प्रश्न आला.

‘‘घरी मोबाइल आहे?’’

‘‘बाबाचा आहे.’’

‘‘झालं मग. आजकाल मोबाइलले विचारलं की थो लिहून देते. नी ची स्पेलिंग सांग.’’

मग प्राचीचा बारीक आवाज, ‘‘एन, ई, ई.’’

कागदावर स्पेलिंग बरोबर होतं. उभी राहिल्यावर, सगळ्यांचे डोळे अंगावर असताना, मुलगी ‘के’ विसरली.

‘‘पाहा,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘जिनं लिहिलं तिले स्पेलिंग येत नाही. दुसऱ्याची वस्तू आपली म्हनून देनं, याले काय म्हनते?’’

कोणीतरी म्हणालं, ‘‘चोरी.’’

मी माझ्या खोलीत खडू हातात धरून उभी होते. भिंत एका विटेची. दहा पावलं चालून त्या दारात जायचं होतं आणि एक वाक्य बोलायचं होतं. मी गेले नाही. माझा तास चालू होता, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले.

स्पर्धेला दुसऱ्या मुलीचा निबंध गेला. गावात एकोपा आहे, तो. प्राची शाळेत यायची थांबली.

आठ दिवसांनी सुखदेव आला. शिक्षकखोलीच्या आत आला नाही. पायरीवर उभा राहिला, अंगाला जाळ्याचा वास. ‘बसा’ म्हटलं तर बसला नाही.

‘‘कोनत्या कागदावर लिहिलं जी, का माही पोरगी चोर आहे?’’

‘‘कागदावर नाही लिहिलं,’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘मग तोंडानंच म्हनलं. थे तर अजून बेकार. कागद फाडता येते.’’ त्यानं धरणाच्या दिशेनं हात केला. ‘‘म्या तिले सुटीच्या दिवशी डोंग्यात नेतो, जाळं उचलाले. थे देऊळ तिनं दरसाल पायलं आहे. तुमाले खरं वाटत नसंन तर येऊन पाहा. म्या नेतो.’’

मॅडमनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांची ती नजर मला ठाऊक होती. तिकिटावरची तारीख वाचतानाची.

‘‘कधी?’’ त्यांनी विचारलं.

‘‘येत्या रविवारी या. पानी उतरलं आहे.’’

तो गेल्यावर मी सांगितलं. सांगाडा, तक्ता, वहीची कडा, सगळं. मॅडम ऐकत होत्या. मला वाटलं, ओरडतील. त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘हे तू आज सांगून राहिली?’’

‘‘मला वाटलं, तुम्हाला माझाच संशय येईल.’’

‘‘आला असता,’’ त्या म्हणाल्या. त्यांनी उठून कपाटाचं कुलूप ओढून बघितलं. मग परत म्हणाल्या, ‘‘खरंच, आला असता.’’

रविवारी सकाळी आम्ही दोघी पाण्याच्या काठाला पोचलो. प्राची आली नव्हती. डोंगा म्हणजे लाकडाची अरुंद होडी. मॅडमनी साडी खोचली, दोन्ही कडा घट्ट धरल्या आणि विचारलं, ‘‘गळते का?’’

‘‘थोडासा गळतेच जी,’’ सुखदेव म्हणाला. ‘‘न गळनारा डोंगा म्या पायला नाही.’’

या उत्तरावर मॅडमचा लगेच विश्वास बसला. मला आश्चर्य वाटलं. नंतर कळलं, की ‘अजिबात गळत नाही’ असं तो म्हणाला असता तर त्या उतरून गेल्या असत्या.

सुखदेव वल्हवत होता आणि पाण्याकडे बोट दाखवत होता. इथं बोरिंग होती. इथं माहं घर, हे आंगन. पाणी सगळीकडे सारखंच होतं, पण त्याचं बोट एकदाही अडखळलं नाही. मग एका बाजूला ते दिसलं. देवळाचा कळस कधीच गेलेला, उरलेलं शिखर गाळानं तपकिरी झालेलं, वरून गोल, एका अंगाला थोडं चपटं. पाणी त्याच्याभोवती हलकेच हलत होतं. खाली माणूस बसला आहे आणि आता उठेल, असं वाटावं.

‘‘थांबवा,’’ मॅडम म्हणाल्या.

सुखदेवनं वल्हं आडवं धरून डोंगा थांबवला. मग त्यांनी पिशवीतून लाल वही काढली. पहिल्यांदा ती वही माझ्या शेजारी, माझ्या डोळ्यांसमोर उघडली गेली. तिच्यात तक्रारी नव्हत्या. वेळा नव्हत्या. माझं नाव नव्हतं. पानापानांवर पोरांची वाक्यं होती. कोणी वर्गात बोललेलं, कोणी पेपरात लिहिलेलं. ‘हायपरबोली ही आपल्या झाडीबोलीसारखी बोली होय का जी’ हेही होतं. काही वाक्यांपुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह होतं. जी वाक्यं मुलाची स्वतःची आहेत याची मॅडमना खात्री झाली, तिथलं प्रश्नचिन्ह खोडलेलं होतं. गुडघ्याच्या वाक्यापुढचं प्रश्नचिन्ह सगळ्यात मोठं होतं. मॅडमनी बोट पाण्यात बुडवलं आणि ते पुसायला लागल्या. कागद ओला झाला, फाटला, तरी त्या पुसत राहिल्या.

‘‘ती इथं आली का गप रायते,’’ सुखदेव म्हणाला. ‘‘मले वाटे, तिले काही समजत नाही.’’

परत येताना बसमध्ये मॅडम एकदम बोलायला लागल्या. माझ्याकडे न बघता.

‘‘माहं लग्न ठरलं होतं. तुमसरकडचा होता. इंग्रजीत पत्रं लिहायचा. काय वाक्यं होती लांजेवार! मी पाठ केली होती. मग एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मले पत्र कसं लिहावं, याचं एक पुस्तक भेटलं. त्यात सगळी होती. कॉमासकट.’’

‘‘मग?’’

‘‘मग काही नाही. मोडलं. तेव्हापासून चांगलं वाक्य दिसलं का मी थे दोनदा वाचते. पहिले वाटते, हे खरं असावं. मग वाटते, नसंनच.’’

याच्यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

सोमवारी शाळा भरायच्या आधी त्या सुखदेवच्या घरी जाऊन आल्या. प्राची त्यांच्या मागून, चार हात अंतर ठेवून, शाळेत आली. त्या दिवशी मी माझा तास सोडून त्यांच्या दारात उभी राहिले. मॅडमनी फळ्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहिलं: मी प्राचीला चोर म्हटलं. माझं चुकलं. वाक्य तिचंच होतं.

वर्ग फळ्याकडे बघत राहिला. पोरांना एवढंच कळत होतं की फळ्यावर आलेलं वाक्य व्याकरणाचं असतं. मागून एकानं हात वर केला. ‘‘मॅडम, पॅसिव्ह करू का? प्राची वॉज कॉल्ड अ थीफ.’’

‘‘नाही. या वाक्याचा पॅसिव्ह होत नाही.’’

‘‘होते ना, मॅडम.’’

‘‘व्याकरनात होते. इथं नाही होत. खाली बस.’’

सगळ्या पोरांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं, कारण फळ्यावरचं उतरवून घ्यायचं असतं. प्राचीनंही घेतलं. मान खाली घालून, सुवाच्य अक्षरात.

इथं ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण प्राचीनं त्यानंतर तसं वाक्य लिहिलं नाही. नववीत, दहावीत, तिचे निबंध मी मॅडमच्या टेबलावर पाहिले आहेत. स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, माझं गाव चांगलं आहे, गावात शाळा आहे. मॅडम ते कागद उलटून पालटून बघायच्या, जणू मागच्या बाजूला काही लिहिलं असेल. एकदा त्यांनी तिला आपला शब्दकोश दिला. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालून तो परत आणून दिला.

‘‘ठेव ना तुह्याजवळ.’’

‘‘नको, मॅडम. हरवला तर.’’

‘‘तू पहिलेसारखं काहून लिहीत नाहीस?’’

‘‘लिहिते ना, मॅडम,’’ ती म्हणाली. आणि मॅडमकडे अशी पाहत राहिली, जणू ही बाई आता नेमकं काय काढायला बघते आहे, ते ताडत होती. तिच्या डोळ्यांतली ती नजर मी ओळखली. मॅडमनीही ओळखली असावी. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

मॅडम फार बदलल्या असं नाही. मुख्याध्यापकांच्या प्रत्येक ओळीला त्या शेवटपर्यंत अडून राहिल्या. वर्गात मात्र कोणी चांगलं काही बोललं की पूर्वी जिथं प्रश्न यायचा तिथं त्या नुसतं ‘‘बरं’’ म्हणायच्या. पोरांना वाटायचं, मॅडमचं लक्ष नाही.

प्राची दहावीत असताना त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला शाल झाली, नारळ झाला, सरांचं भाषण झालं. मुलांची भाषणं सुरू झाली तेव्हा मॅडम दहावीच्या रांगेकडे बघत होत्या. प्राची शेवटून दुसरी बसली होती. ती उठली नाही. पेढे वाटून झाले.

संध्याकाळच्या बससाठी मी त्यांना फाट्यापर्यंत पोचवायला गेले. आजूबाजूच्या बांध्यांतलं धान कापून झालं होतं. बसला वेळ होता. सायकलची घंटी वाजली आणि प्राची उतरली. धापा टाकत होती. सायकल तिनं स्टँडवर लावली नाही, हातातच धरून ठेवली.

‘‘मॅडम,’’ ती म्हणाली, ‘‘त्या दिवशी तुमी मले विचारलंच नाही.’’

कुठला दिवस, ते कोणाला सांगावं लागलं नाही.

‘‘विचारलं ना,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘किती तरी विचारलं.’’

‘‘नाही. तुमाले माहीत आहे असं समजून तुमी बोलल्या. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.’’

दूरवर बसचा आवाज आला. मॅडमनी पिशवी खाली जमिनीवर ठेवली.

‘‘आता विचारू?’’

‘‘विचारा.’’

‘‘ते वाक्य तुले कसं सुचलं, प्राची?’’

प्राचीनं सायकलच्या मुठीवर बोट फिरवलं. ‘‘मी लहान होती तवा बाबा मले पान्यात घेऊन बसे. मले भेव लागे. बाबाचा गुडघा वर रायचा, मी थो धरून उभी राहो. मग पहिल्यांदा देऊळ पायलं न्... मले वाटलं, हात लावावा. धरावं. बाबाले म्हनलं, डोंगा जवळ ने. तो म्हने, खाली गाळ आहे, फसंन.’’ तिनं सायकल सरळ केली. ‘‘एवढंच होतं.’’

बस येऊन उभी राहिली. कंडक्टर ‘चला, चला’ करत होता. मी पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. त्या पायरी चढल्या, दार लागलं, बस हलली.

बसमध्ये चारदोन माणसं होती, बाकी सगळी आसनं मोकळी होती. मॅडम बसल्या नाहीत. मागच्या काचेपाशी येऊन प्राचीकडे बघत उभ्या राहिल्या, वरचा दांडा एका हातानं धरून. खड्ड्यांत बस हेलकावत होती, त्या हलत होत्या, तरी बसत नव्हत्या. पवनीच्या वळणावर बस दिसेनाशी झाली, तोवर त्या तशाच उभ्या होत्या.